ज्याच्या चेहऱ्यावर नऊ हजार वेळा घाव पडला, त्या नहपान राजाची गोष्ट

१९०६ साल. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. साठा म्हणजे पाच-पन्नास नाणी नव्हेत. मोजदाद झाली तेव्हा आकडा १३,२५० च्या घरात गेला.

नाणी तशी छोटी. आपल्या जुन्या चार आण्यापेक्षाही जरा लहान, वजनाला दोन-सव्वादोन ग्रॅम. एका बाजूला माणसाचा चेहरा, नाकाची बाजू उजवीकडे. चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी या आणखी दोन लिप्या. तिन्ही लिप्यांमध्ये नाव मात्र एकच. क्षहरात घराण्याचा राजा नहपान.

आता यातली गंमत बघा. १३,२५० पैकी साधारण ९,२७० नाण्यांवर कुणीतरी नंतर दुसरा छाप मारला होता. थेट राजाच्या चेहऱ्यावर. कुठे नाक गेलेलं, कुठे डोळा, कुठे नुसती हनुवटी शिल्लक. आणि त्या नव्या छापात नाव होतं गौतमीपुत्र सातकर्णीचं.

गौतमीपुत्र आपल्याला माहीत असतो. शाळेच्या पुस्तकात असतो, पाडव्याला शालिवाहन शकाचा विषय निघाला की असतो, सिनेमातही असतो. नहपान मात्र आपल्याला भेटतो तो एका वाक्यापुरता. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला. संपला विषय. पण ज्याचा चेहरा मिटवायला नऊ हजारांहून जास्त घाव घालावे लागले, तो माणूस एका वाक्याचा नक्कीच नव्हता.

नहपान नेमका कोण होता?

इसवी सनाच्या आगेमागे मध्य आशियातून शक लोकांच्या टोळ्या भारतात आल्या आणि हळूहळू सिंध, गुजरात, माळवा या भागांत त्यांची सत्ता बसली. त्यांचे शासक स्वतःला क्षत्रप म्हणवत. हा मूळचा इराणी शब्द, अर्थ प्रांताचा सुभेदार. पण सुभेदार जेव्हा स्वतःच्या नावाची नाणी पाडू लागतो तेव्हा तो राजाच असतो, नाव काहीही असो. नहपान याच पश्चिमी क्षत्रपांपैकी, क्षहरात घराण्यातला. त्याच्या आधी भूमक नावाचा क्षत्रप होऊन गेला. भूमकाची नाणी तांब्याची आहेत आणि त्यांवर बाण, वज्र, सिंह, चक्र अशी चिन्हं आहेत. चेहरा नाही.

नहपानाने दोन गोष्टी बदलल्या. धातू आणि चेहरा. महाराष्ट्रात राजाचा चेहरा असलेलं चांदीचं नाणं खऱ्या अर्थाने रुळवलं ते त्याने.

त्याच्या काळातले शिलालेख ४१ ते ४६ या वर्षांचे आहेत. ही वर्षं कुठल्या कालगणनेची यावरून अभ्यासकांत जुना वाद आहे. इसवी सन ७८ ला सुरू होणाऱ्या शकाची धरली तर नहपान इसवी सन ११९ ते १२४ च्या सुमारास येतो. आज बरेच नाणेतज्ज्ञ ती त्याच्या स्वतःच्या राज्यकाळाची वर्षं मानतात आणि त्याला पहिल्या शतकाच्या मध्यावर ठेवतात. दुसऱ्या बाजूचा मोठा पुरावा एका परक्या माणसाने लिहून ठेवला आहे.

भडोचला उतरणारी चांदी

पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या एका व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली. या पुस्तिकेला पेरिप्लस म्हणतात. लेखकाचं नाव कुठे नाही, पण माणूस पक्का धंदेवाईक. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, वाऱ्याचा हंगाम कधी, खाडीत जहाज कुठे फसतं, सगळं नोंदवलेलं.

त्यात बारिगाझा, म्हणजे आजचं भडोच, याबद्दल तो सविस्तर लिहितो. तिथल्या राजाचं नाव तो मांबानोस किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी देतो. हा मांबानोस म्हणजेच नहपान असं बहुतेक अभ्यासक मानतात.

या बंदरावर काय उतरायचं? इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच. आणि रोमन नाणी, सोन्याची आणि चांदीची. ही नाणी स्थानिक पैशात बदलून घेतली की नफा होतो, असंही तो आवर्जून सांगतो. म्हणजे नाणं हे नुसतं किंमत चुकवण्याचं साधन नव्हतं, तो स्वतःच एक माल होता. राजासाठी वेगळी यादी आहे. चांदीची महागडी भांडी, गाणारी मुलं, जनानखान्यासाठी सुंदर मुली, उंची दारू, तलम कपडे आणि उत्तम सुगंधी लेप. यातल्या दोन नोंदी माणसांच्या आहेत, आणि त्या भांडी आणि कपड्यांच्या रांगेतच लिहिल्या आहेत हे वाचताना नजरेआड होत नाही.

बदल्यात इथून काय जायचं? पैठणहून गोमेदासारखे दगड, तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून भरपूर कापड. पैठण भडोचपासून २० दिवसांवर आणि तेर तिथून आणखी १० दिवसांवर, गाड्यांमधून माल खडतर रस्त्यांनी येतो, असा हिशोबही दिलेला आहे.

म्हणजे माल सातवाहनांच्या मुलखातला आणि बंदर नहपानाच्या ताब्यातलं. भांडणाचं मूळ इथे आहे.

सातवाहनांच्या मुलखाला सगळ्यात सोयीचं बंदर भडोच नव्हतंच, ते होतं कल्याण. पण पेरिप्लस सांगतं की सांदनेस नावाच्या शासकाच्या ताब्यात गेल्यापासून कल्याणचा व्यापार अडवला जातो आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. थोडक्यात काय, सगळा व्यापार एकाच दाराने व्हावा अशी नाकेबंदी. रोमन चांदी सह्याद्रीच्या वर पोहोचायची, पण आधी कुणाच्या तरी जकातनाक्यावरून.

तिकडे रोममध्ये याच पैशावरून ओरड सुरू होती. भारत दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सन ७७ च्या सुमारास केली. सेस्टर्स हे तिथलं छोटं नाणं, चार सेस्टर्सचा एक चांदीचा दिनार. म्हणजे सव्वा कोटी दिनार. आकडा फुगवलेला असेल, लेखक मंडळी तेव्हाही आकडे फुगवायची, पण रागाचं कारण खोटं नव्हतं.

चेहरा आला कुठून?

रोममध्येही नाण्यावर जिवंत माणसाचा चेहरा ही फार जुनी गोष्ट नव्हती. आधी देवता असायच्या, मेलेले पूर्वज असायचे. इसवी सनपूर्व ४४ मध्ये ज्युलिअस सीझरचा चेहरा तो जिवंत असताना रोमच्या नाण्यांवर आला. त्याच वर्षी त्याचा खून झाला. राजा व्हायला निघालाय, हा त्याच्यावरचा मुख्य आरोप होता.

त्याचा वारस ऑगस्टस जास्त हुशार निघाला. चेहरा त्यानेही छापला, पण तो कायम तरुण ठेवला. ऑगस्टस पंच्याहत्तरीत वारला, नाण्यावर मात्र तो शेवटपर्यंत तिशीतलाच. सोबत पदव्या, देवपुत्र, राष्ट्रपिता वगैरे. नाण्याच्या मागच्या बाजूला त्याने आपले दोन दत्तक वारस उभे केले, गायस आणि लुसियस, मध्ये ढाली आणि भाले. हे दोघंही तरुणपणीच गेले. पण त्यांचं चित्र असलेले दिनार दक्षिण भारतात ढिगाने सापडले आहेत. त्याच्यानंतरच्या टायबेरिअसच्या दिनाराचंही तेच, मागे बसलेली एक स्त्री, हातात फांदी आणि राजदंड. परदेशी व्यापाऱ्याला ओळखीचं चित्र दिसलं की चांदी खरी असल्याचा भरवसा वाटायचा.

विचार करा, वर्तमानपत्र नाही, फोटो नाही. मुंबईहून इजिप्त आजही विमानाने कित्येक तासांवर आहे, आणि तेव्हा तिथूनही पुढे असलेल्या रोममधल्या माणसाचा चेहरा भडोचच्या सराफाला तोंडपाठ होता. तेर, कोंडापूर यांसारख्या दख्खनमधल्या गावांत तर रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत, गळ्यात अडकवायला कडी असलेल्या. खरा दिनार परवडत नसेल त्यांच्यासाठी सम्राटाचं मातीचं लॉकेट.

नहपानाने हे सगळं पाहिलं होतं. अर्थात त्याच्याकडे आणखी एक नमुना होता. मिनँडर आणि अपोलोडोटस या जुन्या ग्रीक राजांचे चेहरेवाले द्रम्म भडोचच्या बाजारात तेव्हाही फिरत होते, हे पेरिप्लसमध्येच आहे. नहपानाच्या नाण्याचं वजन या द्रम्मांच्या वळणावर जातं. पण जोगलटेंभीचा साठा तपासून १९०८ मध्ये त्यावर लिहिणारे रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांना चेहऱ्यांची ठेवण रोमन नाण्यांच्या जवळची वाटली. रोमन दिनार वितळवून त्याच चांदीतून क्षत्रपांची नाणी पाडली गेली असावीत, असंही काही नाणेतज्ज्ञांचं मत आहे. तसं असेल तर नहपानाने ऑगस्टसला आणि टायबेरिअसला अक्षरशः भट्टीत घालून स्वतःचा चेहरा काढला.

स्कॉट यांना आणखी एक गोष्ट खटकली. नाण्यांवरचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे तरुण, कुठे म्हातारा. कुठे नाक सरळ, कुठे बाकदार. नाव सगळ्यांवर एकच. त्यावरून त्यांनी असा तर्क केला की एकाच घराण्यातल्या वेगवेगळ्या माणसांनी नहपान हेच नाव लावून नाणी पाडली असतील. साधं उत्तरही शक्य आहे. दीर्घ राज्यकाळ, बरेच कारागीर, आणि राजाला प्रत्यक्ष कधीही न पाहिलेले हात. ऑगस्टसच्या टाकसाळीत म्हातारं होण्याची परवानगी नव्हती. नहपानाच्या टाकसाळीत ती होती असं दिसतं.

आणि ती ग्रीक अक्षरं? त्यांत ग्रीक भाषा नाहीच. लिपी ग्रीक, शब्द प्राकृत. आपण मोबाइलवर रोमन लिपीत मराठी टाइप करतो तसंच काहीसं. समुद्रावरून आलेल्याला ग्रीक, वायव्येकडून आलेल्याला खरोष्ठी आणि इथल्याला ब्राह्मी. एका बोटभर नाण्यावर तिघांची सोय.

तीन घाट, तीन लेणी

नहपानाची सत्ता महाराष्ट्रात कुठवर होती हे त्याच्या माणसांच्या शिलालेखांवरून कळतं, आणि ते कुठे आहेत हे नकाशावर पाहिलं की खरा प्रकार लक्षात येतो.

एक नाशिकला, पांडवलेण्यांत. एक जुन्नरला. एक कार्ल्याला. नाशिक म्हणजे थळ घाटाचा माथा. जुन्नर म्हणजे नाणेघाटाचा. कार्ले म्हणजे बोरघाटाचा. कोकणातल्या बंदरांतून देशावर चढणाऱ्या तिन्ही मुख्य वाटांच्या वरच्या टोकाला नहपानाची माणसं दान देताना दिसतात. दान देणारा तिथे नुसता यात्रेला आला नव्हता हे सांगायला नको.

पुण्याच्या लोकांसाठी यातलं कार्ले अगदी हाताशी आहे. सूस, बाणेरकडून महामार्ग धरून लोणावळ्याच्या दिशेने निघालं की वाटेतच. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात नहपानाच्या जावयाचा लेख आहे. वलूरक लेण्यांतल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याचा. वलूरक हे कार्ल्याचं जुनं नाव. त्याच चैत्यगृहातले काही खांब यवन, म्हणजे ग्रीक म्हणवल्या जाणाऱ्या दात्यांनी दिलेले आहेत. बंदरावर उतरलेली दुनिया घाट चढून इथवर आली होती.

जुन्नरचा लेख मानमोडी डोंगरातला आहे. वत्स गोत्राच्या अयम नावाच्या अमात्याने तिथे पाण्याचं टाकं आणि मंडप करवून घेतला. वर्ष ४६. या लेखात नहपान नुसता क्षत्रप राहिलेला नाही, महाक्षत्रप झाला आहे. त्याच्या काळातला हाताशी असलेला सगळ्यात उशिराचा हा लेख. म्हणजे कारकिर्दीच्या शिखरावर असताना त्याचं नाव शेवटचं कोरलं गेलं ते पुणे जिल्ह्यात.

जावई, व्याज आणि तीन लाख गाई

नहपानाबद्दल बोलताना त्याच्या जावयाला टाळता येत नाही. नाव उषवदात, दिनीकाचा मुलगा, जातीने शक. बायको दक्षमित्रा, नहपानाची मुलगी. पांडवलेण्यांतलं दहा नंबरचं लेणं या दोघांच्या लेखांमुळे आजही नहपान विहार म्हणून ओळखलं जातं. दक्षमित्रेने तिथे स्वतःच्या नावाने एक खोली दान दिली.

उषवदाताच्या दानांची यादी वाचून दम लागतो. तीन लाख गाई. नानंगोल गावातली ३२,००० नारळाची झाडं. दमण, तापी, डहाणूची नदी अशा नद्यांवर फुकट नावा. धर्मशाळा, विहिरी, पाणपोया. ब्राह्मणांना गावं आणि बौद्ध भिक्षूंना लेणी, दोन्ही एकाच दमात. मध्येच लढाईही आहे. मालवांनी वेढलेल्या उत्तमभद्र नावाच्या मित्रांना सोडवायला तो सासऱ्याच्या हुकमावरून ऐन पावसाळ्यात गेला, मालव त्याच्या येण्याच्या आवाजानेच पळाले, मग पुष्करला जाऊन स्नान केलं आणि ३,००० गाई आणि एक गाव देऊन टाकलं.

पण सगळ्यात भारी नोंद पैशाची आहे. वर्ष ४२. उषवदाताने नाशिकजवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघटनांकडे, ३,००० कार्षापण कायमची ठेव ठेवली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण महिना एक टक्का व्याजाने. दुसरीकडे १,००० कार्षापण महिना पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्षूंना त्यातून प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी.

हिशोब करून बघा. २,००० वर महिना एक टक्का म्हणजे वर्षाला २४०. वीस गुणिले बारा म्हणजेही २४०. पै न पै जुळते. हा व्यवहार गावच्या निगमसभेत वाचून दाखवला गेला, फळ्यावर लिहिला गेला, तशी रीतच होती. दोन हजार वर्षांपूर्वीची फिक्स डिपॉझिटची पावती दगडावर, आणि बँक कोण तर विणकर.

याच लेण्यात ७०,००० कार्षापण देव आणि ब्राह्मणांना दिल्याचीही नोंद आहे, आणि त्यासोबत विनिमय दरही. ३५ कार्षापणाला एक सुवर्ण, म्हणजे २,००० सुवर्ण. सोन्याचं आणि चांदीचं नातं इतकं स्पष्ट लिहून ठेवणारा राजवंश तो. चांदी हीच त्यांची खरी फौज होती असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

दान करकरून राजा हरला?

जैन परंपरेत एक कथा आहे. आवश्यक सूत्रावरच्या टीकाग्रंथांतून ती आलेली आहे. त्यात भरुकच्छचा, म्हणजे भडोचचा राजा नहवाहन. त्याच्याकडे अमाप खजिना. पैठणचा राजा शालिवाहन, त्याच्याकडे मोठं सैन्य. शालिवाहन दरवर्षी भडोचला वेढा घालायचा. नहवाहन शत्रूचं डोकं कापून आणणाऱ्याला भरघोस बक्षीस द्यायचा. पैशापुढे सैन्य टिकायचं नाही, शालिवाहन माघारी फिरायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

शेवटी शालिवाहनाने एक डाव टाकला. आपल्या मंत्र्याला खोटं खोटं हाकलून दिलं. मंत्री भडोचला गेला, नहवाहनाचा विश्वास मिळवला आणि त्याच्या कानात धर्म ओतायला लागला. देवळं बांधा, तळी खोदा, दानं द्या. खजिना रिकामा होत गेला. शालिवाहन आला तेव्हा बक्षीस द्यायला काहीच उरलं नव्हतं. भडोच पडलं.

ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून जशीच्या तशी घेता येत नाही. पण नहवाहन म्हणजे नहपान असं अभ्यासक मानतात, आणि कथेत दोन गोष्टी अगदी नेमक्या पकडल्या आहेत. एक, भडोचची ताकद सैन्यात नाही तर तिजोरीत होती. दुसरी, या घराण्याचा दानाचा सोस. उषवदाताचे लेख वाचून कुणाच्याही डोक्यात ही कथा आली असती.

प्रत्यक्षात काय झालं याचा पुरावा नाशिकच्याच लेण्यांत आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या १८ व्या वर्षी लढाईच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, हुकूम पाठवला. उषवदाताच्या ताब्यात आजवर असलेलं २०० निवर्तनं शेत आता आम्ही त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना देत आहोत, असा त्याचा मतलब. किती कोरडा हुकूम. युद्धाचं वर्णन नाही, विजयाची फुशारकी नाही. सातबाऱ्यावरचं नाव बदललं, एवढंच.

कार्ल्यालाही तेच. करजिक गाव वलूरकच्या भिक्षूंना दिल्याचा दुसरा हुकूम तिथेच कोरलेला आहे. हुकूम मामालच्या अमात्याला उद्देशून आहे. मामाल म्हणजे आपलं मावळ. लेखात राजाचं नाव गेलंय, पण तो गौतमीपुत्राचाच मानला जातो. गाव तेच, भिक्षू तेच. फक्त दाता बदलला. भिक्षूंच्या दृष्टीने ताट पुन्हा एकदा वाढलं गेलं होतं, पहिल्या वाढप्याचं नाव भिंतीवर तसंच होतं.

फुशारकी आली ती नंतर, आणि ती आईने मारली. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री यांनी नातवाच्या, पुळुमावीच्या, १९ व्या वर्षी पांडवलेण्यांतल्या तीन नंबरच्या लेण्यात मोठा लेख कोरून घेतला. आपल्या मुलाने क्षहरात वंश निखंदून काढला, शक, यवन, पल्हवांना संपवलं आणि सातवाहन कुळाची गेलेली प्रतिष्ठा परत आणली, असं त्यात आहे. मुलगा तोवर वारलेला असावा. शत्रूच्या घराण्याचं नाव मात्र तिने घेतलंच. त्या नावाशिवाय मुलाचा मोठेपणा सांगताच आला नसता.

चेहऱ्यावर डोंगर

आता पुन्हा जोगलटेंभीकडे येऊ. जिंकलेल्या राजाची नाणी हाती आली तर ती वितळवून नवी पाडणं हा सरळ मार्ग. गौतमीपुत्राच्या माणसांनी तसं केलं नाही. नहपानाचं नाणं आहे तसं घेतलं, आपल्या ठशांमध्ये धरलं आणि हातोडा हाणला. चेहऱ्यावर कमानींचा डोंगर उमटला, ज्याला काही जण चैत्य म्हणतात. खाली नागमोडी रेघ, भोवती गौतमीपुत्राचं नाव. मागे बाण आणि वज्रावर उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चारही टोकांना वर्तुळं.

एक कारण व्यवहाराचं आहे. चांदी तीच, वजन तेच, बाजाराला सवय त्याचीच. वितळवण्याचा खर्च कशाला? सातवाहनांची स्वतःची नाणी तोवर मुख्यतः शिसं, तांबं आणि मिश्रधातूची असायची. चांदीच्या चलनाची सवय लोकांना लावली होती ती नहपानानेच.

पण दुसरं कारणही दिसतं. असा छाप मारला की जुना पूर्ण जात नाही. डोंगराच्या कमानीखालून नहपानाचा डोळा बघत राहतो, कडेला ग्रीक अक्षरं डोकावतात. नाणं ज्याच्या हातात पडेल त्याला एकाच वेळी दोन गोष्टी कळायच्या, कोण होता आणि आता कोण आहे. नवं कोरं नाणं हे सांगू शकलं नसतं. जोगलटेंभीच्या साठ्यात जवळपास चार हजार नाणी मात्र हातोड्यातून सुटली. नहपानाचा धड चेहरा आज आपण बघू शकतो तो अशाच सुटलेल्या नाण्यांमुळे.

आणि मग?

क्षहरात घराणं संपलं, क्षत्रप संपले नाहीत. चष्टनाचं दुसरं शक घराणं पुढे आलं. त्याचा नातू रुद्रदामन याने इसवी सन १५० च्या गिरनारच्या लेखात दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवल्याचं आणि जवळच्या नात्यामुळे सोडून दिल्याचं लिहून ठेवलं. ज्यांचा निःपात झाला म्हणून नाशिकला कोरलं होतं, त्या शकांशी सातवाहनांची सोयरीक झाली होती.

जी कालगणना आपण शालिवाहन शक म्हणून पाडव्याला मोजतो, ती लेखांत आणि नाण्यांवर शतकानुशतकं नेमाने वापरली ती याच चष्टनाच्या घराण्याने. १९५७ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी हाच शक निवडला.

नहपानाने घालून दिलेला चांदीच्या नाण्याचा साचाही या घराण्याने सोडला नाही. एका बाजूला उजवीकडे पाहणारा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. पुढे ती अक्षरं कुणाला वाचता येईनात, तेव्हा नुसती नक्षी म्हणून राहिली. इसवी सन ४०० च्या सुमारास दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचा मुलूख जिंकला, तेव्हा त्यानेही पश्चिम भारतासाठी याच धाटणीची चांदीची नाणी पाडली.

आणि सातवाहन? १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप खोदला. आतल्या दगडी करंड्यातल्या अवशेषांसोबत एक चांदीचं नाणं निघालं, फारसं न झिजलेलं. ते होतं यज्ञश्री सातकर्णीचं, गौतमीपुत्राच्या काही पिढ्यांनंतरच्या राजाचं. मागच्या बाजूला तोच कमानींचा डोंगर आणि तेच उज्जैन चिन्ह, नहपानाच्या तोंडावर मारलेलं. आणि पुढच्या बाजूला, उजवीकडे पाहणारा राजाचा चेहरा.